रिकाम्या खाटांचं कारण

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘लाभार्थ्यांचा प्रतिसाद नाही.’ हे लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात बारा ओळी होत्या. अकरा भरून झाल्या होत्या आणि बाराव्या ओळीत ‘कारण’ या शीर्षकाखालची जागा तेवढी मोकळी होती. कारण मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांचा फोन नंबर माझ्या टेबलावरच्या काचेखाली होता. मी फोन केला नाही. ठाऊक असल्यासारखं वाक्य लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि तक्ता वर पाठवला. चूक एवढीच. एका ओळीची आहे म्हणजे लहान आहे, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो.

मी गडचिरोलीत आरोग्याच्या एका कार्यालयात लेखा शाखेत आहे. मूळ गाव वडसा. वडील तिथल्या राइस मिलमध्ये हमाल होते. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. वरून आलेलं अनुदान खाली वाटायचं आणि खालून आलेले आकडे वर पाठवायचे, हे माझं काम. रोग्याची नाडी मी कधी पाहिली नाही, औषधाची पुडी कधी कुणाच्या हातात दिली नाही. तरी कुठल्या दवाखान्यात काय असेल आणि काय नसेल, हे थोडंफार माझ्या टेबलावर ठरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला याची भीती वाटायची. पुढे सवय झाली आणि भीती गेली. ती जायला नको होती, असं आता वाटतं.

बारावी ओळ एका खोलीची होती. जंगलातल्या गावांतल्या गरोदर बायकांनी दिवस भरत आले की दवाखान्याजवळ येऊन राहावं, सोबत घरचं एक माणूस असावं, दोघांना दोन वेळचं जेवण मिळावं, म्हणून आमच्या जिल्ह्यात आरोग्य केंद्रांच्या आवारात अशा खोल्या आहेत. चार खाटा, बाजूला स्वयंपाकाची छपरी, मानधनावर एक स्वयंपाकीण. आम्ही तिला मुक्कामाची खोली म्हणतो. त्या मे महिन्यात वरून पत्र आलं होतं: फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तीन महिन्यांत कुठल्या खोलीत किती जणी राहिल्या ते कळवा, त्यावरून वर्षाचं जेवणाचं अनुदान ठरेल. बाराव्या खोलीत तीन महिन्यांत कुणीच राहिलं नव्हतं. शून्य खरं होतं. शून्याचं कारण मी दिलं. त्या कारणावरून त्या खोलीचं जेवण बंद झालं आणि स्वयंपाकिणीचं मानधनही.

मार्च आला की हे सगळं पुन्हा वर येतं. आमच्याकडे मार्च दोन वासांनी कळतो. कार्यालयात तापलेल्या प्रिंटरचा आणि शिक्क्याच्या शाईचा वास. बाहेर, सकाळी गाडी काढताना, गावाच्या कडेच्या झाडांवरून येणारा मोहफुलांचा वास. गोड, जड, किंचित आंबूस. माझ्या बायकोला तो सोसत नाही, ती खिडकी लावून घेते. मी ती उघडतो. लहानपणी वडशाला दंडारीचे आणि नाटकांचे मांडव उतरले, थंडी संपली, शाळेच्या परीक्षा जवळ आल्या की हा वास यायचा. तेव्हा तो मला अभ्यासाचाच वास वाटे. आता तो हिशोबाचा वाटतो. एकाच फुलाने माणसाला किती वेगवेगळ्या गोष्टींची धास्ती द्यावी.

मार्चमध्ये आमच्या शाखेत लोक एकमेकांना ‘बरे आहात ना’ असं विचारत नाहीत, ‘खर्च पडला का’ असं विचारतात. वर्षभर धूळ खाणारी देयकं कपाटातून बाहेर येतात. तालुक्यांतून आलेली माणसं फायली छातीशी धरून बाकावर बसतात. डबे टेबलावरच उघडतात आणि लोणच्याचं तेल कुठल्या ना कुठल्या मंजुरीच्या कागदाला लागतंच. याच दिवसांत मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प वाचला जातो. साहेबांच्या खोलीत टीव्ही चालू असतो. आरोग्याचा आकडा आला की आम्ही दारात जाऊन उभे राहतो, पाऊस कुठवर आला ते ऐकायला शेतकरी उभे राहतात तसे.

मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे की तो आकडा पुढे जातो कसा. सभागृहात वाचलेला तो लांबलचक आकडा खात्यांत फुटतो, खात्यांतून लेखाशीर्षांत, तिथून जिल्ह्यांत, जिल्ह्यातून तालुक्यांत. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखा एकेक माणूस बसलेला असतो. फुटत फुटत तो धानोऱ्याच्या पुढच्या जंगलात पोहोचतो तेव्हा त्याला आकडा म्हणण्यात अर्थ राहत नाही. तो एका गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरण झालेला असतो. हा खालचा प्रवास मला तोंडपाठ आहे. वरचा प्रवास काय असतो, याचा विचार मात्र मी केला नव्हता. गंजाजवळ बसलेल्या बाईला जे माहीत असतं त्यातलं काय मुंबईपर्यंत जातं? फक्त तक्ता जातो. तक्त्यात शब्दांना जागा एकच, तो शेवटचा रकाना. आणि तो माझ्यासारखाच कुणीतरी भरतो, पंख्याखाली बसून.

मागच्या मार्चमध्ये मला त्या खोलीत जावं लागलं. तपासणीवाल्यांनी आक्षेप काढला होता की खोल्यांमधल्या खाटा आणि भांडी प्रत्यक्ष पाहून मोजलेली नाहीत. इतक्या वर्षांत मी ज्या गावांना पैसे पाठवले त्यांतली बहुतेक गावं मी पाहिलेली नव्हती, हे जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. जीप चालवत होते गणपतभाऊ. आमच्या कार्यालयातले जुने ड्रायव्हर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

धानोरा मागे पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगलात धूर दिसू लागला. आग नव्हती, झाडाझाडाखाली वेगवेगळा, बारका धूर.

"वणवा आहे का हा?" मी विचारलं.

"नाई जी. पाला जाळून राह्यले मोहाखालचा. भुई साफ केली का फूल पडलं थे दिसते, पिवरं पिवरं." गणपतभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुमी वडशाचे ना साहेब? तुमाले हे नाई मालूम?"

"वडशात फूल बाजारात दिसायचं. झाडाखाली नाही."

"म्हंजे तुमी पोत्यातला मोह पाह्यला," ते म्हणाले आणि हसले.

गाव लागलं तर माणूस दिसेना. दारं कडीने लावलेली, अंगणात वाळत घातलेली कालची फुलं, त्यांवर मधमाश्या. एका ओसरीवर एक आजोबा बसले होते आणि त्यांच्या पायाशी कोंबड्या फिरत होत्या.

"गाव कुठी गेलं?" नकळत माझी वडशाची बोली बाहेर आली.

"मोहात," गणपतभाऊ म्हणाले. "फूल पहाटे गळते. ऊन चढाच्या आत वेचा लागते. तुमच्या मार्च एंडिंगात तुमी भेटता का कोनाले घरी?"

आरोग्य केंद्रात सिस्टर होत्या, खोलीची किल्ली नव्हती. किल्ली जैवंताबाईकडे होती. जैवंताबाई म्हणजे ती स्वयंपाकीण, मानधन बंद झालेली. जेवण बंद होऊन दोन पावसाळे झाले, तरी किल्ली तिच्याकडेच होती, कारण ती परत घ्या असं कुठल्या पत्रात लिहिलेलं नव्हतं. गणपतभाऊ जीप घेऊन तिला आणायला गेले. तासाभराने ती आली. पन्नाशीची, सडपातळ, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, बोटं फुलांच्या रसाने चिकट. किल्ली काढायच्या आधी तिने हात धुतले आणि तेवढ्या वेळात मला सुनावलं.

"हे काय दिवस होय का जी भांडे मोजाचे? माह्या झाडाखाली ढोरं शिरतीन तिकडं."

"ऑडिटचं आहे बाई. अर्ध्या तासात सोडतो."

"ऑडिट म्हंजे?"

"सरकारने दिलेलं जागेवर आहे की नाही ते पाहायचं."

"आहे ना सारं. खानाऱ्याचं काय झालं थे पाहत नाई का त्याच्यात?"

मी यादी उघडली. चार खाटा होत्या, गाद्या गुंडाळून भिंतीशी उभ्या. दोन गंज, सराटा, पळी, आठ ताटं, सगळं घासून पालथं घातलेलं. दोन वर्षं सरकारी जेवण शिजलं नव्हतं आणि ताटांवर धूळ नव्हती. मी खुणा करत गेलो आणि मध्येच, काहीतरी बोलायचं म्हणून, जो प्रश्न मे महिन्यात फोनवर विचारायचा होता तो विचारला.

"या दिवसांत खोली रिकामी काऊन असते बाई?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी सूर्य कुठल्या बाजूला उगवतो ते विचारलं होतं.

"आता कोन येईन? मोह आहे. मोहामागं तेंदूपत्ता आहे. आपलं झाड सोडून चार हप्ते कोन इथी येऊन बसन?"

"पण दिवस भरले असले तर?"

"त येईन ना कळा सुरू झाल्या का. नाल्यात पानी नाई, गाडी दारापुढं येते. रस्ता आहे त आधीपासून कशाले येऊन राहाव?"

"मग राहायला कधी येतात?"

"पावसाऱ्यात. नाला भरला का गाव तिकडं अन् दवाखाना इकडं. तवा आधीच आनून बसवा लागते." तिने शेवटचं ताट माझ्यापुढे धरलं. "मोजा. आठवं."

दोनच वाक्यांचं उत्तर होतं. गावातल्या कुणालाही देता आलं असतं. सहा मैलांवरच्या माणसालाही आलं असतं. आमच्या कार्यालयात मात्र ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मुंबईत तीन महिने निवडणाऱ्यालाही माहीत नसावं. पाऊस नाही आणि मोह आहे असे नेमके तीन महिने त्याने निवडले होते. मला त्याचा राग येत नाही. तोही कुठल्यातरी पंख्याखाली बसला असेल.

"सरकारचं साल कधी सुरू होते जी?" जैवंताबाईने कुलूप लावता लावता विचारलं.

"एप्रिलच्या पहिल्या तारखेला."

"मोहात?" तिला खरंच नवल वाटलं. "अन् आमी कुठी असतो थे कोनाले पुसतेत मंग?"

तिला झाडापर्यंत सोडायला आम्ही जीपने निघालो. खरं तर मला काम नव्हतं, पण उतरावंसं वाटलं. पानगळीने जंगल मोकळं झालं होतं, लांबवर दिसत होतं. प्रत्येक मोहाखाली राखेचं काळं वर्तुळ आणि त्यावर रसरशीत, मण्यांसारखी फुलं. उरलेली फुलं अजून टपटप पडत होती. एक माझ्या शर्टच्या खिशात पडलं. कुठे कुंपण नव्हतं, खूण नव्हती, पाटी नव्हती.

"कोणतं झाड कुणाचं ते कळतं कसं?" मी विचारलं.

"तुमाले तुमची खुर्ची नाई कळत?" जैवंताबाई म्हणाली. "माहं हे. माह्या सासूचं होतं. थे तिकडचं सोमीबाईचं, नाल्यापलीकडं राहते."

सोमीबाईच्या झाडाखाली कुणी नव्हतं, वेचून घरी गेले होते. दोन्ही झाडांच्या फांद्या वर एकमेकींत शिरल्या होत्या. आणि खाली, दोन साफ केलेल्या वर्तुळांच्या मधे, हातभर रुंदीचा एक पट्टा होता. तिथे फुलं तशीच पडून होती. आजची, कालची, परवाची, तपकिरी होऊन मुंग्या लागलेली. एवढ्या वेचलेल्या जंगलात तेवढीच जागा कुणी शिवलेली नव्हती.

"ही कुणाची?"

"कोनाचीच नाई आता," ती म्हणाली. "पहिले दोघी मिरून वेचत होतो. हसत होतो. तुह्या झाडाचं का माह्या झाडाचं, करून."

"मग आता?"

ती खाली बसली, टोपली जवळ ओढली आणि वेचता वेचता सांगू लागली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्या बोटांकडे पाहत होतो.

"जेवन बंद झाल्याची चिठ्ठी आली. त्या पावसाऱ्यात बाया आल्या. सिस्टर म्हने खोली आहे, राहा, खानं घरून आना. नाल्यापलीकडून रोज कोन आनन जी? मी माह्या घरचे तांदूर शिजवले. तीन बाया, तीन त्यांच्या सोबतच्या. पुरन असं वाटलं. नाई पुरलं. मंग सोमीबाई आली, तिच्या सुनेले घेऊन. मैना तिचं नाव. मी म्हनलं, पानी उघडलं आहे, आठ दिवस घरी जा, मी तांदराची सोय करून ठेवीन. थ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी नाला भरला."

ती थांबली नाही, वेचतच राहिली.

"घरीच झालं तिचं. लेकरू आलं, पन राह्यलं नाई. मैना वाचली. सोमीबाई गावात सांगते, जैवंतानं हाकललं म्हनून. त्याच्यात खोटं काय आहे? मीच म्हनलं ना, जा."

गणपतभाऊ जीपजवळ उभे राहून दुसरीकडे बघत होते. मी जैवंताबाईसमोर उकिडवा बसलो. चिठ्ठी कुठून निघाली ते तिला सांगितलं. तक्ता, ओळ, रकाना, हे शब्द तिथे विचित्र वाटत होते, पण तिला सगळं समजलं. तिने दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मी म्हणालो, बाई, माझी चूक झाली, मला माफ करा.

तिने पहिल्यांदा हात थांबवला.

"मले काऊन म्हनता?" तिने हनुवटीने सोमीबाईच्या झाडाकडे दाखवलं. "तिकडं म्हना. मले माफी देऊन मी काय करू? माह्याशी कोनी बोलत नाई थे तुमच्या माफीनं बोलतीन का?"

मी घड्याळ पाहिलं. ऊन चढलं आहे, अजून दोन खोल्या मोजायच्या आहेत, असं काहीतरी म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. परतीच्या वाटेत गणपतभाऊ एकच वाक्य बोलले. "पानी पेता का साहेब?" मी नाही म्हणालो.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मला स्वतःचं कौतुक करून घेता येईल असं थोडंसं घडलं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. मी वर एक टिपण पाठवलं. राहणाऱ्या बायका पावसाच्या महिन्यांत मोजाव्यात, उन्हाळ्याच्या आकड्यावरून जेवण ठरवू नये, आणि असं का, हे त्यात लिहिलं. बाकीच्या अकरा खोल्यांनाही फोन केले. या वेळी कारणाच्या रकान्यात शब्द मावेनात, म्हणून वेगळं पान जोडलं. साहेबांनी पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही कादंबरी लिहायला लागले की काय?" पण सही केली. वरून दोनदा शंका आल्या, दोनदा उत्तरं दिली. गेल्या पावसाळ्यात बाराव्या खोलीचं जेवण सुरू झालं, जैवंताबाईचं मानधनही. सिस्टरने फोनवर सांगितलं की चारही खाटा भरल्या आहेत, एकीचं अंथरूण खाली घातलं आहे. मी फोन ठेवला. मला वाटलं, झालं. जे बिघडवलं ते दुरुस्त केलं.

माणूस स्वतःला किती लवकर सोडून देतो, याचं मला आता नवल वाटतं. कागदावरची चूक कागदावर दुरुस्त होते आणि ती किती झटकन होते. पण त्या कागदाने माणसांमध्ये जे केलं ते कुठल्या लेखाशीर्षाखाली दुरुस्त करायचं? गावाने एका बाईला दोष दिला होता. तो दोष माझा होता आणि मी तो तिच्याकडेच ठेवून आलो होतो. सोमीबाईला तर मी माहीतही नव्हतो. तिच्या दृष्टीने सरकार म्हणजे जिने ‘जा’ म्हटलं ती जैवंता. माझ्यासारख्या माणसाला खात्यात एवढं सुरक्षित का वाटतं, हेही मला तेव्हा कळलं. आमच्या आणि लोकांच्या मधे नेहमी कुणीतरी जैवंताबाई उभी असते.

या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी सिस्टरचा फोन आला. काम दुसरंच होतं, गोळ्यांच्या देयकाचं. ठेवता ठेवता मी विचारलं, मैना कशी आहे. विचारायची सवय आता लागली आहे.

"दिवस गेलेत तिले, सर," सिस्टर म्हणाल्या. "आषाढात भरतीन. पहिल्या खेपेले अडली होती ती. यावेळी तिले इथंच ठेवाले पायजे, आधीपासून. पण सासू ऐकत नाही. म्हणते, जैवंताच्या खोलीत माही सून पाय ठेवणार नाही."

"तुम्ही समजावलं?"

"मी बाहेरची, सर. तीनदा गेली. जैवंताबाईही गेल्ती, दारातून परत पाठवलं."

आषाढ म्हणजे पाऊस, नाला. मी मनात मोजलं: चार महिने. त्या रात्री बायकोला मैनाचं आणि तक्त्याचं सांगितलं, पहिल्यांदाच. ती खिडकी लावत होती. तिने लावली नाही. "मग तुम्ही इथं काय करून राह्यले?" एवढंच ती म्हणाली.

मार्चमध्ये लेखा शाखेत कुणी रजा मागत नाही. मी एका दिवसाची मागितली. साहेबांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी म्हणालो, नाही, मोहात जायचं आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे.

सरकारी जीप नको म्हणून मोटरसायकलने गेलो, उजाडता उजाडता पोहोचलो. सिस्टरकडून जैवंताबाईला निरोप दिला होता की मी येतो आहे. जंगलात थंडावा होता आणि सगळीकडे माणसांचे आवाज होते. गाव दिसत नव्हतं, पण गाव तिथे होतं. या झाडाखालून त्या झाडाखाली गोंडीत काहीतरी विचारलं जाई, हसू येई, टोपली सरकवल्याचा आवाज येई. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ऐकत राहावं असं वाटत होतं. किती वर्षं मी या लोकांच्या नावे आकडे लिहिले आणि यांचा सकाळचा आवाज कसा असतो हे मला माहीत नव्हतं.

जैवंताबाई आपल्या झाडाखाली वेचत होती. तिने मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा खाली घातली. मी पुढे सोमीबाईच्या झाडापाशी गेलो. सोमीबाई साठीची, ठेंगणी, कपाळावर गोंदलेली. तिच्यापासून थोडी लांब मैना बसून वेचत होती, पाय पसरून, एक हात मागे टेकून. वय चोवीस-पंचवीस असेल. मी नमस्कार केला.

"कोन होय?" सोमीबाईने विचारलं.

"गडचिरोलीहून आलो बाई. दवाखान्याच्या ऑफिसातून."

"डाक्टर?"

"नाई. हिशोबाचा मानूस."

"मोहाचा हिशोब मांडाले आले का?" शेजारच्या झाडाखालून कुणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या. मीही हसण्याचा प्रयत्न केला. मग मी चपला काढून त्या काळ्या, साफ केलेल्या भुईच्या कडेला खाली बसलो. साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसाने असं बसलेलं त्यांना नवीन असावं. आवाज कमी होत गेले. जैवंताबाईपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं, हे मी ठरवून आलो होतो. घरी वाक्यंही जुळवली होती, नीट, कार्यालयीन पत्रासारखी. त्यातलं एकही आठवेना.

"त्या सालच्या पावसात खोलीतलं जेवन बंद होतं," मी म्हणालो. "थे जैवंताबाईनं बंद नोहोतं केलं. मी केलं."

सोमीबाईच्या हातातली फुलं हातातच राहिली. "तू कोन बंद करनारा?"

"बाया तिथी येतच नाई, असं मी कागदावर लिहिलं. थ्या कागदानं तांदूर बंद झाले. जैवंताबाईनं तिच्या घरचे घातले. थे सरले तवा तिनं तुमाले आठ दिवस जा म्हनलं."

"आमी काऊन येत नोहोतो थे पुसलं का कोनाले?"

"नाई. कोनालेच नाई पुसलं."

"मंग काऊन लिहिलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. वरून पत्र आलं होतं, मुदत होती, रकाना मोकळा ठेवून तक्ता पाठवता येत नाही. ते सगळं खरं आहे. पण मैना माझ्याकडे बघत होती, आणि जे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं.

"दुपार झाली होती. मले भूक लागली होती. जेवाले घरी जायाचं होतं, म्हनून जे सुचलं थे लिहिलं अन् उठलो."

सोमीबाईने गोंडीत मैनाला काहीतरी सांगितलं, किंवा विचारलं. मैनाने मागे टेकलेला हात पुढे घेतला आणि पोटावर ठेवला. मी तिच्याकडे वळून हात जोडले.

"मैनाबाई, तुमचं लेकरू मी परत देऊ शकत नाई. जैवंताबाईच्या माथ्यावर ठेवलं थे तिचं नोहोय, माहं होय. अडीच सालं मी थे तिले वाहू देलं, अन् मागच्या मोहात इथपर्यंत येऊन तुमाले न भेटता पळून गेलो. माही चूक झाली. माफी मागतो मी तुमची."